बातमीच्या मागोमाग नगरात दोन दिवस



माळीवाड्याच्या एस.टी. स्टँडवर आम्ही उतरलो तेव्हा उन्हे डोक्यावर आली होती. नगरला आम्ही पुष्कळदा गेलो आहोत. कधी लग्नाला, कधी दुखवट्याला, कधी एखाद्या सभेला. आता शहराचे आणि जिल्ह्याचे सरकारी नाव अहिल्यानगर झाले आहे. २०२४ साली तो बदल झाला, पण एस.टी.तला शेजारी अजून 'नगर कधी येणार' असेच विचारतो. या वेळची आमची फेरी मात्र लग्नाची नव्हती नि सभेचीही नव्हती. आमच्या आक्काचा फोन आला होता.

"तूच ये आणि समजाव तिला," आक्का म्हणाली. "पोरगी पोलीस स्टेशनात जाती, कोर्टात जाती, वही घेऊन गल्लीगल्लीनं हिंडती. शिकायला घातली का चौकशीला?"

आमची भाची नगरच्या एका महाविद्यालयात पत्रकारिता शिकते. वर्गात तिला काम मिळाले होते. शहरातली एक वस्ती निवडायची, तिथल्या गुन्ह्यांची महिनाभर माहिती काढायची आणि वृत्तांत लिहायचा. बाकीच्या मुलांनी बाजारपेठ निवडली, स्टँड निवडला. आमच्या भाचीने निवडली स्वतःचीच वस्ती. आक्काला घोर होता तो याचाच. आपल्या माणसांविषयी वाईट लिहिले तर उद्या नळावर कोण बोलेल? आणि चांगलेच लिहिले तर मास्तर म्हणतील, ही आपल्या लोकांना पाठीशी घालते.

भाची आम्हाला घ्यायला स्टँडवर आली होती. खांद्याला शबनम, हातात वही. आम्ही म्हटले, "चल आधी घरी." ती म्हणाली, "मामा, आधी थोडं शहर बघू. घरी गेलं की आई बोलायला लागंल."

म्हणून आम्ही चालत निघालो. नगर हे जुने शहर. १४९० च्या सुमारास मलिक अहमद निजामशहाने ते वसवले. भुईकोट किल्ल्याबद्दल आपल्या मुलांना शाळेतच कळते. १९४२ च्या ऑगस्टपासून नेहरू, पटेल, मौलाना आझाद आदी पुढारी तिथे कैदेत होते आणि नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हे पुस्तक तिथेच लिहिले. शहराच्या पूर्वेला डोंगरावर एक इमारत दिसते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. रिक्षावाला म्हणतो, दुकानदार म्हणतो. खरे तर ती निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर आहे. चांदबिबीचा तिच्याशी संबंध नाही. पण एकदा नाव चिकटले ते चिकटले. आम्ही ते भाचीला सांगितले. ती हसली आणि म्हणाली, "आमच्या वस्तीचंबी तसंच झालंय मामा."

आम्ही विचारले, कसे काय? तेव्हा तिने चालता चालता सगळी हकीकत सांगितली.

वस्तीचे नाव आम्ही इथे देत नाही. का देत नाही ते वाचकांना पुढे कळेलच. १९७२ च्या दुष्काळात पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून आलेली माणसे तिथे राहिली. कोणी हमाल, कोणी सफाई कामगार, कोणी नागापूरच्या एमआयडीसीत कंत्राटी, बायका धुण्याभांड्याला. मधोमध लहानसे विहार आहे. रस्त्याच्या पलीकडे अलीकडच्या वर्षांत बंगल्यांची कॉलनी झाली. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी त्या कॉलनीत दोन बायांचे मोबाईल मोटरसायकलवाल्यांनी हिसकावून नेले. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात वस्तीचे नाव घालून मथळा आला की, वस्तीतल्या टोळीने धुमाकूळ घातला. बातमीत फिर्यादीचे म्हणणे नव्हते, वस्तीतल्या कोणाचेही म्हणणे नव्हते. नुसते 'अशी चर्चा आहे' एवढ्यावर चार रकाने भरले होते. संध्याकाळपर्यंत तीच बातमी सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरली.

त्या रात्री पोलिसांनी चार पोरे नेली. तिघांकडे काही सापडले नाही, त्यांना सोडून दिले. चौथ्याकडे एक मोबाईल निघाला. सोडून दिलेल्या तिघांतला एक जण एमआयडीसीत कंत्राटी कामाला होता. त्याला मुकादम म्हणाला, चार दिवस घरी बस. त्या चार दिवसांचे चार महिने झाले. पोरे सुटल्याची बातमी त्या दैनिकात एका ओळीनेही आली नाही.

"धरलं ती बातमी, सोडलं ती बातमी नाही," भाची म्हणाली. "म्हणून मी हीच वस्ती घेतली."

संध्याकाळी घरी पोचलो. आक्काने चहा ठेवला. चहाबरोबर बोलणीही सुरू झाली. तेवढ्यात शेजारच्या एक ताई आल्या. या चार घरी स्वयंपाक करतात. त्यांनी जे सांगितले ते ऐकून आम्ही कप खाली ठेवला. दोन महिन्यांपूर्वी रात्री आठच्या सुमारास त्या कामावरून परतत होत्या. मागून मोटरसायकल आली, मागे बसलेल्याने पिशवीला हिसका दिला. पिशवीत महिन्याचा पगार, मोबाईल आणि आधार कार्ड. ताई पडल्या, ढोपर फुटले. त्या चौकीवर गेल्या. तिथे त्यांच्या तक्रारीवर 'गहाळ' असे लिहून एक कागद हातात दिला गेला. म्हणजे वस्तू हरवली. कोणी चोरली नाही, कोणी ओढली नाही, हिच्या हातून पडली.

"मला कुठं वाचता येतंय नीट," ताई म्हणाल्या. "मला वाटलं कंप्लेंट झाली."

वाचकहो, इथे आम्हाला पहिल्यांदा गोष्ट कळली. कॉलनीतल्या बाईचा मोबाईल गेला तर तो गुन्हा, आणि गुन्हेगार शोधायला वस्ती. वस्तीतल्या बाईचा मोबाईल गेला तर तो हरवला. गरिबाच्या वस्तीत गुन्हे होत नाहीत असे मुळीच नाही. उलट गुन्ह्याचा मार गरिबालाच जास्त बसतो. त्याच्या घराला भक्कम दार नाही, गल्लीत दिवा नाही, रात्रपाळीहून येताना रिक्षाचे पैसे नाहीत. पण वर्तमानपत्रात गरीब येतो तो आरोपी म्हणून, फिर्यादी म्हणून क्वचित येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे पोलीस ठाण्यात गेलो. भाची, त्या ताई आणि आम्ही. आक्का दारापर्यंत आली आणि "मोठ्यानं बोलू नको गं" एवढेच म्हणाली. ठाणे अंमलदारांनी कागद पाहिला, म्हणाले, झाली की नोंद. भाची हळू आवाजात म्हणाली, "साहेब, पिशवी हरवली नाही, हिसकावून नेली. आता नवीन कायद्यात त्याला वेगळं कलम आहे. तीनशे चार."

आम्ही तिच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३०४ मध्ये हिसकावून नेण्याची चोरी हा वेगळा गुन्हा सांगितला आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अंमलदारांनी विचारले, कुठल्या वस्तीतल्या? ताईंनी सांगितले. ते थोडे थांबले. दोन तास आम्हाला बाकावर बसवले. पण वाचकहो, गुन्हा नोंदला गेला. ताईंनी सांगितलेले शब्द भाचीने पुन्हा वाचून दाखवायला लावले, मग ताईंनी सही केली आणि प्रत हातात घेतली. ती प्रत फुकट मिळते. फिर्याद देणाराचा तो हक्क आहे. ठाण्यात गुन्हा घ्यायला नकार दिला तर लेखी तक्रार पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. हे आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असले पाहिजे.

बाहेर आल्यावर भाचीने आणखी एक गोष्ट सांगितली. रोज पोलिसांकडून पत्रकारांना एक प्रेसनोट मिळते. आदल्या दिवशी कुठे काय घडले, कोण पकडले, एवढे त्यात असते. पुष्कळ बातमीदार तीच नोट थोडी तिखटमीठ लावून छापतात. नोट खोटी असते असे नाही. पण ती एकाच बाजूने पाहिलेली असते. 'गहाळ' लिहिलेल्या ताई त्या नोटेत कधीच येणार नाहीत. सुटलेली तीन पोरेही येणार नाहीत. म्हणून ती नोट घेऊन जागेवर जावे लागते आणि पुढे कोर्टात जावे लागते.

मग आम्ही जिल्हा न्यायालयाकडे गेलो. तिथल्या आवारात वकील, टायपिंगवाले, कागदाच्या पिशव्या सांभाळत बसलेली खेड्यापाड्यातली माणसे. आम्ही एका झाडाखाली बसलो. या जिल्ह्याच्या न्यायालयातून २०१७ च्या नोव्हेंबरात सहा दिवसांत दोन निकाल बाहेर पडले. ते दोन्ही आपल्या वाचकांना आठवत असतील.

पहिला खर्ड्याचा. जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावी २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे हा सतरा वर्षांचा आपला विद्यार्थी मारला गेला. वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलतो, एवढ्या संशयावरून त्याला मारहाण झाली आणि त्याचे प्रेत झाडाला लटकलेले सापडले. खटला उभा राहिला. पण एकामागून एक साक्षीदार फितूर झाले. २३ नोव्हेंबर २०१७ रोजी नऊ आरोपी निर्दोष सुटले. नितीनला कोणीतरी मारले हे खरे, पण कोणी मारले ते कोर्टात उभे राहिले नाही.

दुसरा कोपर्डीचा. कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत १३ जुलै २०१६ रोजी एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. आरोपी दलित समाजातले होते. त्या लेकराबद्दल ज्याला दुःख झाले नाही तो माणूस नव्हे. तीही आपलीच लेक होती. पण त्या वेळी काय झाले ते आपण सगळ्यांनी पाहिले. तिघांच्या गुन्ह्याचा डाग लाखो माणसांवर लावण्याचे प्रयत्न झाले. अॅट्रॉसिटीच्या कायद्यावरच बोट ठेवले गेले. ज्या खेड्यांतल्या आपल्या लोकांनी कोपर्डी कधी पाहिलीही नव्हती, त्यांनी काही दिवस खाली मान घालून बाजार केला. खर्ड्याच्या वेळी मात्र नितीनला मारणाऱ्यांच्या जातीला कोणी टोळी म्हटले नाही. म्हणायलाही नको. गुन्हा माणूस करतो, जात करत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, हा नियम दोन्हीकडे सारखा लागला पाहिजे.

भाची वहीत लिहीत होती. आम्ही म्हटले, "काय लिहितेस?"

"खर्ड्याच्या वेळी माझ्याएवढ्या पोरानं साक्ष दिली असती तर, असं लिहिलं होतं. पण खोडलं. घाबरणाऱ्याला नाव ठेवायला सोपं असतं मामा. त्या गावात त्याला राहायचं होतं."

पोरीचे हे बोलणे आम्हाला फार आवडले. साक्षीदाराला संरक्षण देणे हे सरकारचे काम आहे. २०१५ साली अॅट्रॉसिटीच्या कायद्यात दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. पीडितांचे आणि साक्षीदारांचे हक्क त्यात वेगळ्या प्रकरणात लिहिले आहेत. नितीन गेला तेव्हा ते नव्हते. आता आहेत. कागदावरचे हक्क गावाच्या चावडीपर्यंत पोचतात की नाही, हे पाहणे हेच बातमीदाराचे काम.

याच जिल्ह्यातला आणखी एक खटला आठवला. १ जानेवारी २०१३ रोजी नेवासे तालुक्यातल्या सोनईजवळ तीन तरुण सफाई कामगारांचा खून झाला. तो खटला नाशिकला चालला आणि जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा दिली. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. घटना आणि निकाल यांत पाच वर्षे गेली. पहिल्या आठवड्यात गर्दी करणारे किती बातमीदार पाच वर्षांनी त्या तीन घरी गेले असतील?

नेवाशाचे नाव निघाले म्हणून आम्ही भाचीला तरवडीची गोष्ट सांगितली. नेवासे तालुक्यातलेच हे लहान खेडे. सत्यशोधक मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली 'दीनमित्र' सुरू केले आणि ते साप्ताहिक या खेड्यातून पिढीभर चालवले. पुणे-मुंबईच्या पत्रांना खेड्यातला शेतकरी, अस्पृश्य, सावकाराने नाडलेला माणूस दिसत नव्हता. तो तरवडीहून दिसत होता. आणि या नगर शहराचे म्हणाल तर 'ज्ञानोदय' हे मराठी पत्र मिशनऱ्यांनी १८४२ साली इथेच सुरू केले. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले तेही नगरच्या मिस फरार यांच्याकडे. म्हणजे ज्या गावात आपल्या आद्य शिक्षिकेने धडे घेतले, त्या गावात आज आपल्या वस्तीतली मुलगी बातमी लिहायला शिकते आहे. आपल्या मानाने ही लहान गोष्ट नव्हे.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, तो कशासाठी? इतर पत्रे आपापल्या जातीचे हित पाहतात, आपले म्हणणे त्यांत येत नाही, म्हणून. पुढे 'बहिष्कृत भारत', 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत'. पैसा नव्हता, जाहिराती नव्हत्या, तरी पत्र पाहिजे हा त्यांचा आग्रह सुटला नाही.

असेच उदाहरण सातासमुद्रापलीकडचे आहे. अमेरिकेत आयडा वेल्स नावाची बाई होती. १८६२ साली गुलामांच्या घरी जन्मली, शिक्षिका झाली, मग पत्रकार. १८९२ साली मेम्फिस शहरात तिच्या ओळखीच्या तीन काळ्या माणसांना जमावाने ठार मारले. किराणा दुकान चांगले चालवले, गोऱ्या दुकानदाराशी स्पर्धा झाली, ही खरी गोष्ट होती. तोवर गोरी वर्तमानपत्रे सांगत की, जमाव ज्यांना मारतो ते बायकांवर हात टाकणारे असतात. आयडाने एकेक प्रकरण तपासले. जागेवर गेली, माणसांना भेटली आणि गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांत छापलेले आकडे जमवून दाखवले की, पुष्कळ प्रकरणांत तसा आरोपसुद्धा नव्हता. जमावाने तिच्या पत्राची कचेरी मोडली. ती दुसऱ्या शहरात गेली, पण लिहिणे थांबवले नाही. १९३१ साली ती वारली. २०२० साली तिला मरणोत्तर पुलित्झर सन्मान मिळाला. आपल्या देशातही उत्तर प्रदेशात चित्रकूटच्या भागात २००२ सालापासून खेड्यातल्या बायकांनी 'खबर लहरिया' हे पत्र चालवले. त्यांत दलित बायका पुष्कळ. त्या सायकलवरून, पायी जाऊन बातमी आणत.

"आयडाला सोपं होतं," भाची एकदम म्हणाली. "तिच्याकडची माणसं निर्दोष होती. माझ्याकडं एक पोरगा खरंच मोबाईल चोरलेला आहे."

हा तिचा खरा घोर होता. तो चौथा मुलगा सतरा वर्षांचा. तिच्या घरासमोरच राहतो. तिला ताई म्हणतो. त्याची आई आक्काबरोबर एकाच नळावर पाणी भरते. त्याने ते कबूलही केले आहे. लिहावे तर शेजार तुटतो, न लिहावे तर वृत्तांत खोटा होतो. मग ज्या दैनिकाला आपण नावे ठेवतो त्याच्यात आणि आपल्यात फरक काय? त्याने निम्मे सांगितले, आपणही निम्मेच सांगायचे?

आम्ही तिला सल्ला दिला नाही. एवढेच म्हटले की, त्याच्या आईला भेटल्याशिवाय लिहू नकोस.

रात्री जेवण झाल्यावर विहारासमोरच्या ओट्यावर पंधरावीस बायामाणसे जमली. भाचीने वृत्तांत वाचून दाखवला. पिशवी गेलेल्या ताईंची हकीकत आली तेव्हा सगळ्या माना डोलल्या. सुटलेल्या तिघांची आली तेव्हा एमआयडीसीतून काढलेला पोरगा मागे उभा राहून ऐकत होता. कॉलनीतल्या बाईचेही म्हणणे तिने घेतले होते. ती बाई अजून अंधार पडल्यावर घराबाहेर निघत नाही, हे ऐकून इथल्या बाया चुकचुकल्या. भीती दोन्हीकडे एकच आहे. मग चौथ्या मुलाचा भाग आला. भाची थांबली.

त्याची आई पुढेच बसली होती. ती म्हणाली, "वाच. माझ्या पोराचं हाय ना? वाच."

भाचीने वाचले. मुलाचे नाव नव्हते. नाव देता येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाचे नाव, फोटो, शाळा, पत्ता, ज्यावरून तो ओळखू येईल असे काहीही छापायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे. त्याला लॉकअपमध्येही ठेवता येत नाही, त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. वाचकहो, आम्ही वस्तीचे नाव दिले नाही त्याचे एक कारण हेही. एवढ्याशा वस्तीत सतरा वर्षांचा म्हटले की कोण ते सगळ्यांना कळते.

वाचून झाल्यावर माऊली बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "खरं हाय ते लिव्हलंस. पण त्याचा बाप गेला तवा त्याची शाळा सुटली, दोन वर्सं तो हॉटेलात ग्लास धूत व्हता, त्ये नाय लिव्हलं. चोर हाय म्हणून लिव्ह. पण आदुगर काय व्हता त्येबी लिव्ह."

भाचीने तिथेच पेन काढले. ओट्यावरच्या दिव्याखाली बसून तिने दोन ओळी वाढवल्या आणि त्या वाचून दाखवल्या. त्या माऊलीने मान हलवली. आक्का आमच्या शेजारी बसली होती. ती काही बोलली नाही. पण सगळे पांगल्यावर त्या आईबरोबर नळापर्यंत चालत गेली, ते आम्ही पाहिले.

एक जुनी गोष्ट इथे सांगितली पाहिजे. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून पुढे कितीतरी जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. आपल्याकडचे पारधी बांधव त्यांतलेच. लेकरू पाळण्यात असतानाच गुन्हेगार. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. कायदा गेला, पण शिक्का पुसला नाही. आजही कुठे चोरी झाली की पालावर आधी धाड पडते. अख्ख्या वस्तीला टोळी म्हणणारा मथळा हा त्याच शिक्क्याचा भाऊ आहे. म्हणून आपल्यापैकी कोणीही, मग तो बातमीदार असो की चहाच्या टपरीवर बोलणारा असो, 'त्या वस्तीतली पोरं तसलीच' असे म्हणू नये. आपल्या वस्तीबद्दल ऐकून जसा राग येतो, तसाच दुसऱ्याच्या पालाबद्दल बोलताना आठवावा.

आणि वर्तमानपत्राने चुकीचे छापले तर? हातपाय गाळून बसू नये, दगडही उचलू नये. आधी संपादकाला लेखी पत्र द्यावे, पोच घ्यावी. त्याने दखल घेतली नाही तर भारतीय प्रेस परिषदेकडे तक्रार करता येते. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत ती करावी लागते. कात्रण जपून ठेवावे. पोलिसांनी कोणाला अटक केली तर कारण सांगणे, घरच्यांना कळवणे आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे करणे हे बंधनकारक आहे. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना, बायकांना, मुलांना आणि कोठडीतल्या कोणालाही तिथे वकील मोफत मिळतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. शेजारच्या ताई कामाला निघाल्या होत्या. त्यांनी पोलिसांची ती प्रत रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवली होती, ती आम्हाला उघडून दाखवली. पिशवी आणि पगार परत मिळेल का, कोणास ठाऊक. पण कागदावर आता 'गहाळ' नाही, 'चोरी' लिहिले आहे, आणि फिर्यादी म्हणून त्यांचे नाव आहे. आयुष्यात पहिल्यांदा सरकारच्या कागदावर त्यांचे म्हणणे त्यांच्या शब्दांत आले.

आक्का आम्हाला माळीवाड्यापर्यंत सोडायला आली. गाडी लागली होती. आम्ही मुद्दाम विचारले, "मग काय, पोरीला समजावू का?"

आक्का म्हणाली, "राहू दे. फक्त सांग, रात्री आठच्या आत घरी येत जा म्हणावं. आणि यायला उशीर व्हणार असंल तर मी जाईन तिच्याबरोबर."

वाचकहो, आपल्या प्रत्येक वस्तीत वकील पाहिजे, नर्स पाहिजे, शिक्षक पाहिजे असे आपण म्हणतो. ते बरोबरच आहे. त्या यादीत बातमीदारही लिहून ठेवा. आपले झाकणारा नको, दुसऱ्याचे फुगवणाराही नको. जागेवर जाऊन दोन्हीकडचे ऐकणारा, आणि पाच वर्षांनीही पुन्हा त्या दारात जाऊन 'पुढं काय झालं?' असे विचारणारा. तुमच्या घरात अशी लेक वही घेऊन हिंडत असेल, तर तिला अडवू नका. तिच्याबरोबर कोणीतरी चाला.